संशयाचा फायदा

न्यायालयाच्या भाषेंत 'संशयाचा फायदा' ही एक प्रसिद्ध देणगी आहे. आरोपीविरुद्ध पुरावा तर आहे, पण तो पुरा नाहीं. न्यायाधीशाच्या मनांत शंकेला कोठेंतरी जागा उरली आहे. अशा वेळीं ती उरलेली शंका आरोपीच्या पदरांत टाकावी व त्याला मोकळें सोडावें, असा सुधारलेल्या समाजाचा दंडक आहे. शंभर अपराधी सुटले तरी चालतील, पण एका निरपराध्याला शिक्षा होतां कामा नये, हें वचन आपल्या इतकें अंगवळणीं पडलें आहे कीं, याच्या नेमका उलट असा एखादा नियमहि तितकाच सुज्ञ असूं शकेल, ही कल्पना आपल्या मनाला सहसा शिवत नाहीं. परंतु असा नियम आहे, आणि तो समुद्रावर चालतो.

१९७२ सालीं निरनिराळ्या राष्ट्रांनीं एकत्र बसून जहाजांच्या टकरी टाळण्याकरितां जे नियम ठरविले व जे १९७७ पासून अमलांत आले, त्यांतील सातव्या नियमाचा आशय असा आहे: समोर दिसणाऱ्या जहाजाशीं टक्कर होण्याचा संभव आहे किंवा नाहीं याविषयीं जर कांहीं शंका असेल, तर तो संभव आहे असेंच धरून चालावें. अपुऱ्या माहितीवर, विशेषतः रडारच्या अपुऱ्या माहितीवर, कोणतीहि कल्पना बांधूं नये, अशी पुस्तीहि त्याला जोडलेली आहे. म्हणजे येथें धोका हा आरोपी आहे, आणि त्याचा निर्दोषीपणा सिद्ध होईपर्यंत तो अपराधीच समजावयाचा आहे. संशयाचा फायदा त्याला मुळींच नाहीं; तो आहे बोटींत बसलेल्या माणसांना. तर्कशास्त्र शिकवितां शिकवितां माझे केंस पिकले. पण पुरावा अपुरा असतांना माणसानें काय करावें, या प्रश्नाचें इतकें नेटकें उत्तर मला आमच्या क्रमिक पुस्तकांतून क्वचितच आढळलें आहे.

या नियमाकडे माझें लक्ष वळण्याचें कारण मात्र पुस्तकी नाहीं. माझें मूळ गांव अलिबाग तालुक्यांत आहे, आणि माझ्या मातोश्री अजून तेथेंच राहतात. त्यामुळें पावसाळ्याचे महिने वगळतां मुंबईच्या गेटवेपासून मांडव्यापर्यंतचें पाणी मी गेलीं तीस वर्षें लाँचनें ओलांडीत आलों आहें. पश्चिमेला मुंबईचें बेट, पूर्वेला रायगडचा किनारा आणि नैर्ऋत्येला मोकळा समुद्र, अशी या बंदराची ठेवण आहे. मोठ्या जहाजांना पुरेल इतकें खोल पाणी सगळीकडे नाहीं. म्हणून तळचा गाळ उपसून त्यांच्यासाठीं एक वाट राखलेली आहे. मुंबई बंदराच्या गोद्यांत जाणारीं जहाजें, जवाहर द्वीपावर तेल उतरविणारीं जहाजें, आणि १९८९ सालीं सुरू झालेल्या न्हावाशेवाच्या बंदराकडे पेटाऱ्यांच्या राशी घेऊन जाणारीं प्रचंड धुडें, हीं सारीं त्या एका वाटेनें आंतबाहेर करतात. आणि मांडव्याच्या व घारापुरीच्या लाँची, मासेमारी होड्या, पडाव, नौदलाच्या बोटी या ती वाट आडवी ओलांडतात किंवा तिच्या कडेकडेनें जातात. मोठ्या जहाजाला ती वाट सोडतां येत नाहीं, कारण बाजूला गेलें तर तें रुततें. आणि त्याला चटकन् थांबतांहि येत नाहीं, कारण इंजिन उलटें फिरविल्यावरसुद्धां तें किलोमीटर-किलोमीटर पुढें सरकत राहतें. लहान बोटीला वळतांहि येतें आणि थांबतांहि येतें. समर्थानें दुर्बळाला वाट द्यावी हा जमिनीवरचा शिष्टाचार येथें उपयोगीं पडत नाहीं. चिंचोळ्या पाणवाटेंत लहान बोटीनें मोठ्या जहाजाला अडथळा करूं नये, हा नियम येथें आहे.

१८ डिसेंबर २०२४ रोजीं घारापुरीकडे निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर नौदलाची एक वेगवान बोट येऊन आदळली. इंजिनाची चांचणी चालली असतां ताबा सुटला, असें नौदलाकडून सांगण्यांत आलें. पंधरा माणसें प्राणास मुकलीं. त्या आठवड्यांत आमच्या घरीं एका प्रश्नाखेरीज दुसरा विषय नव्हता. आमची मुलगी त्याच सुमारास अलिबागेस नोकरीला लागली होती आणि दर शनिवार-रविवारीं ती लाँचनें ये-जा करीत असे. पत्नीनें मला विचारलें, "अहो, तुम्ही एवढें तर्कशास्त्र शिकवतां. मला एवढेंच सांगा, पोरीला लाँचनें जाऊं द्यावें कीं नाहीं?"

शेजारीपाजारीं या प्रश्नाचें जें उत्तर मिळत होतें तें ठराविक होतें. "इतकीं वर्षें लाँची चालल्या आहेत, असें कधीं झालें होतें का?" या उत्तरांत धीर पुष्कळ आहे, पण पुरावा थोडा आहे. समजा, एखादा अपघात सरासरीनें हजार दिवसांतून एकदां घडण्यासारखा आहे. तर तो तीन हजार दिवस, म्हणजे आठ वर्षांहून अधिक काळ, एकदांहि घडणार नाहीं, असा संभव शंभरांत पांच इतका आहे. म्हणून तीन हजार दिवस निर्वेध गेले एवढ्यावरून फार तर इतकेंच म्हणतां येईल कीं, धोका बहुधा हजार दिवसांतून एकदां याच्यापेक्षां मोठा नसावा. तो मुळींच नाहीं, असें कांहीं त्यावरून निघत नाहीं. शून्य ही संख्या फार फसवी आहे. तिच्याकडे पाहून आपण म्हणतों, "पाहा, कांहीं झालें नाहीं." ती मात्र एवढेंच सांगत असते कीं, "अजून झालेलें नाहीं."

मग बंदरांतील धोका मोजावा तरी कसा? झालेल्या टकरी मोजाव्या, तर त्या इतक्या विरळा कीं त्यांवरून वर्षावर्षांची तुलना करणें कठीण. आणि त्या पुरेशा होईपर्यंत वाट पाहावी, तर मोजण्याची किंमत प्राणांनीं द्यावी लागणार. १९७० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत जपानमध्यें याहेई फुजी यांनीं व इंग्लंडमध्यें मॅकडफ यांनीं या कोड्यांतून एक वाट काढली. टकरी मोजण्याऐवजीं त्यांनीं गांठी मोजण्यास सुरुवात केली. प्रत्येक जहाज आंधळ्यासारखें, आहे त्याच दिशेनें व त्याच वेगानें चालत राहिलें, तर किती जहाजें एकमेकांवर आदळतील, हा पहिला आंकडा. वाहतूक किती, वाट किती रुंद, जहाजें किती लांब, त्यांचे मार्ग एकमेकांना कोठें छेदतात, एवढें ठाऊक असलें म्हणजे तो कागदावर काढतां येतो. आणि अशा गांठी पडल्या असतां त्यांपैकीं किती प्रसंगीं माणसें किंवा यंत्रें वेळेवर कांहींच करीत नाहींत, हा दुसरा आंकडा. या दोहोंचा गुणाकार म्हणजे अपेक्षित टकरींची संख्या. दुसरा आंकडा निरनिराळ्या समुद्रांत साधारणपणें दहा हजारांत एक, याच्या आसपास असल्याचें आढळून आलें.

दहा हजार वेळां गांठ पडावी आणि नऊ हजार नऊशें नव्याण्णव वेळां कोणीतरी सुकाणू फिरवावें, वेग कमी करावा किंवा भोंगा वाजवावा! माणसाच्या सावधपणाची याहून मोठी प्रशस्ति मला माहीत नाहीं. परंतु याच हिशेबाची दुसरी बाजूहि पाहिली पाहिजे. एखाद्या बंदरांत अशा चाळीस गांठी रोज पडतात असें क्षणभर धरा. अडीचशें दिवसांत त्या दहा हजार होतात, आणि मग माणसें कितीहि दक्ष असलीं तरी सरासरीनें तेवढ्या मुदतींत एक टक्कर ठेवलेलीच. शिवाय गांठी वाहतुकीच्या प्रमाणांत वाढत नाहींत, त्याहून झपाट्यानें वाढतात. मोठ्या वाटेनें जाणारीं जहाजें दुप्पट झालीं आणि ती वाट ओलांडणाऱ्या लाँचीहि दुप्पट झाल्या, तर त्यांच्या गांठी दुप्पट नव्हे, चौपट होतात. बंदराचा व्यापार इतक्या पटींनीं वाढला अशी बातमी वाचून आपण आनंदित होतों, तेव्हां त्या बातमीच्या पोटांत दडलेला हा वर्ग आपल्या ध्यानांत येत नाहीं.

बंदरांत ज्या ज्या सुधारणा होतात, त्या या दोहोंपैकीं एका आंकड्याला खालीं ओढण्यासाठीं असतात. जाणाऱ्यांनीं व येणाऱ्यांनीं आपापल्या उजव्या बाजूनें चालावें, हा नियम पहिला आंकडा कमी करतो. बंदराचें पाणी तोंडपाठ असलेला वाटाड्या जहाजावर चढवावा, हा प्रघात दुसरा आंकडा कमी करतो. १९४८ सालीं लिव्हरपूलच्या बंदरानें किनाऱ्यावर रडार बसवून धुक्यांतल्या जहाजांना वाट सांगण्यास सुरुवात केली; तीच व्यवस्था पुढें जगांतील मोठ्या बंदरांनीं उचलली, आणि मुंबईच्या व न्हावाशेवाच्या पाण्यावरहि अशी किनाऱ्यावरून देखरेख असते. आतां तर मोठीं जहाजें आपलें नांव, जागा, दिशा व वेग बिनतारी यंत्रानें सतत जाहीर करीत चालतात. पण लहान होडीवर असें यंत्र असेलच असें नाहीं. आणि जी होडी पडद्यावर दिसत नाहीं ती पाण्यावरहि नाहीं, असें समजण्याचा मोह पडदा पाहणाऱ्याला होतो. अपुऱ्या माहितीविषयींची ती पुस्ती या मोहासाठींच आहे.

७ ऑगस्ट २०१० च्या सकाळीं मुंबईच्या तोंडाशीं जें घडलें तें पुष्कळांना आठवत असेल. न्हावाशेवाहून बाहेर पडणारें 'एम्. एस्. सी. चित्रा' हें जहाज व मुंबई बंदराकडे येणारें 'खलिजिया' हें जहाज एकमेकांवर आदळलीं. 'चित्रा' कलंडली, तिच्यावरील सुमारें बाराशें पेटाऱ्यांपैकीं तीनशेंच्या आसपास समुद्रांत पडले आणि पाण्यावर तरंगत सर्व वाटेभर पसरले. सुमारें आठशें टन तेल किनाऱ्याकडे वाहत गेलें, आणि दोन्हीं बंदरांची वाहतूक कांहीं दिवस बंद ठेवावी लागली. दोन बंदरें, पण उंबरठा एकच, या वस्तुस्थितीचा अर्थ त्या दिवशीं सर्वांना कळला. सुदैवानें जीवहानि झाली नाहीं. आणि कदाचित् म्हणूनच ती गोष्ट आपण लौकर विसरलों.

परंतु संशयाचा फायदा धोक्याला दिला तर काय होतें, हें समजून घेण्यासाठीं याहून जुन्या आणि याहून दारुण अशा एका सकाळकडे वळलें पाहिजे. ६ डिसेंबर १९१७ रोजीं कॅनडांतील हॅलिफॅक्स बंदरांत, 'नॅरोज' नांवाच्या चिंचोळ्या पाणवाटेंत दोन आगबोटी समोरासमोर आल्या. 'माँ-ब्लां' ही फ्रेंच बोट दारूगोळा भरून आंत येत होती. 'ईमो' ही नॉर्वेची रिकामी बोट बाहेर चालली होती. 'माँ-ब्लां' आपल्या उजव्या कांठानें होती. 'ईमो' मात्र दुसऱ्या बोटींना चुकवितां चुकवितां आपली बाजू सोडून आली होती. 'माँ-ब्लां'नें एक शिट्टी दिली: मी माझ्या उजवीकडून जात आहें. 'ईमो'नें दोन दिल्या: मी डावीकडे राहणार. पुन्हां एक, पुन्हां दोन. दोघांनाहि समोरचें जहाज दिसत होतें, शिट्ट्या ऐकूं येत होत्या, ऊन पडलें होतें. नव्हती ती एकच गोष्ट: आपण समजतों तसें समोरचा करणार नाहीं, अशी वेळेवर आलेली शंका. शेवटच्या क्षणीं 'माँ-ब्लां' डावीकडे वळली आणि त्याच क्षणीं 'ईमो'नें इंजिन उलटें फिरविलें. त्या उलट्या फेऱ्यानें 'ईमो'ची नाळ वळून नेमकी दुसऱ्या बोटीच्या कुशींत शिरली. दोघांपैकीं एकानेंच तसें केलें असतें तर कदाचित् दोघेहि वांचले असते.

टक्कर तशी मोठी नव्हती. परंतु वरच्या तक्तपोशीवरील बेन्झॉलच्या पिंपांनीं पेट घेतला आणि वीसएक मिनिटांनीं तो सारा दारूगोळा एकदम उडाला. सुमारें दोन हजार माणसें मेलीं, नऊ हजारांच्या घरांत जखमी झालीं. जळणारी बोट पाहण्यासाठीं खिडक्यांच्या काचांशीं उभ्या राहिलेल्या कित्येकांचे डोळे कायमचे गेले. खटला चालत चालत लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला, आणि १९२० सालीं तेथें निर्णय झाला कीं, दोन्हीं जहाजें सारखींच दोषी. आपली बाजू धरून चालणाराहि दोषी कसा, असें प्रथमदर्शनीं वाटतें. पण समुद्राचा कायदा कोणालाहि निखालस हक्क देत नाहीं. तो कर्तव्यें तेवढीं वांटून देतो. वाट माझी आहे, एवढें ठाऊक असणें पुरे नाहीं. समोरच्याला तें मान्य आहे कीं नाहीं, याविषयीं शंका आली कीं माझेंहि कर्तव्य सुरू होतें.

आतां ही शंका यावी कशी? तिच्यासाठीं एक सोपी कसोटी आहे व तीहि त्याच सातव्या नियमांत सांगितलेली आहे. दुरून येणाऱ्या जहाजाची दिशा होकायंत्रावर पाहावी. ती बदलत असेल तर तें आपल्या पुढून किंवा मागून निघून जाईल. पण जहाज जवळ जवळ येत असतांना त्याची दिशा मात्र बदलत नसेल, तर दोघेहि एकाच बिंदूकडे, एकाच वेळीं पोंचण्यासाठीं निघालेले आहेत. भूमितीच्या दृष्टीनें यांत गूढ कांहीं नाहीं: दोघांमधलें अंतर कमी होतें, पण त्रिकोण समरूपच राहतो. माणसाच्या डोळ्याला मात्र ही गोष्ट घातक आहे. आपला डोळा हालणारें तें चटकन् टिपतो व स्थिर असेल तें सोडून देतो. बंदरांतील गजबजाटांत जें जहाज इकडून तिकडे पळतांना दिसतें त्याच्याकडे सर्वांचें लक्ष जातें. आणि जें खिळल्यासारखें एका जागीं उभें असून नुसतें मोठें मोठें होत जातें, त्याच्याकडे कोणी पाहत नाहीं. खरें भय त्याचेंच असतें.

हें मला प्रथम शिकविलें तें पुस्तकानें नव्हे, एका सारंगानें. कांहीं वर्षांपूर्वीं मांडव्याहून परततांना मी त्याच्या खोलीजवळ उभा होतों. उजव्या हाताला बरेंच दूर एक मालवाहू जहाज होतें. एकाएकीं इंजिनाचा आवाज मंदावला. मीं विचारलें, "सारंग, कां थांबवलीत?" छपराच्या खांबाकडे बोट दाखवून तो म्हणाला, "मास्तर, ह्या खांबाशी लावून बघा. मघापासून तें जहाज खांब सोडीत नाय. म्हंजे आपल्याचकडं येतंय." मीं म्हटलें, "पण तें तर किती लांब आहे!" तो म्हणाला, "लांब हाय म्हणून तर थांबलो. जवळ आल्यावर थांबून काय करू?"

चार मिनिटें आम्ही तेथें डुलत राहिलों. खालून एक गृहस्थ बस चुकेल म्हणून ओरडले. दुसऱ्यानें सारंगाच्या धैर्याविषयीं थट्टा केली. मग तें जहाज आमच्या पुढून, पुष्कळ अंतरावरून निघून गेलें आणि लाँच पुन्हां चालूं लागली. आम्ही थांबलों नसतों तर काय झालें असतें, हें कोणालाच कळणार नव्हतें. सारंगालासुद्धां नाहीं; कदाचित् कांहींच झालें नसतें. आणि सावधपणाची खरी अडचण हीच आहे. त्याची किंमत रोज, घड्याळावर मोजून, सर्वांच्या देखत द्यावी लागते. त्यानें मिळविलेला लाभ कोणाच्याहि दृष्टीस पडत नाहीं. टळलेल्या अपघाताचा पंचनामा होत नाहीं. चार मिनिटांची तक्रार करणारे चौदा जण निघतात. पण त्या चार मिनिटांत आपण काय विकत घेतलें याची पावती कोणाच्याच हातीं पडत नाहीं. फुजी आणि मॅकडफ यांच्या हिशेबांत दहा हजारांतले ते नऊ हजार नऊशें नव्याण्णव प्रसंग दिसतात ते असे: एक मंदावलेलें इंजिन, एक चुकलेली बस, आणि सारंगाच्या कानांवर पडलेले दोन वांकडे शब्द.

म्हणून पत्नीला मीं जें उत्तर दिलें तें 'होय' किंवा 'नाहीं' या एका शब्दाचें नव्हतें. धोका नाहीं, असें मीं म्हटलें नाहीं. तसें म्हणण्यास आधार नाहीं. एका भयंकर दिवसावरून लाँच सर्वथैव वर्ज्य करावी, असेंहि मीं म्हटलें नाहीं. कारण आठवड्याला दोनदां घाटाच्या रस्त्यानें मोटारींतून जाणें हेंहि कांहीं निर्धोक नव्हे. भीति आणि शंका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भीति माणसाला धक्क्यावरच बसवून ठेवते. शंका त्याला बोटींत चढूं देते, पण चढण्यापूर्वीं कांहीं विचारायला लावते. बोटींत परवान्यापेक्षां अधिक माणसें भरलीं आहेत काय? तरंगण्याचीं जाकिटें माणशीं एक आहेत काय, आणि तीं कुलपांत आहेत कीं हाताशीं? जिच्यावर ताबा सुटण्याचा संभव आहे अशा बोटीची चांचणी प्रवाशांच्या वाटेपासून दूर करण्याची व्यवस्था आहे काय? थोडक्यांत टळलेल्या प्रसंगांची नोंद कोणी ठेवतो काय, कीं कोणी बुडेपर्यंत वही उघडतच नाहीं? या प्रश्नांचीं उत्तरें देणें हें अधिकाऱ्यांचें काम आहे. पण ते विचारणें हें प्रवाशांचें काम आहे, आणि ते आपण सहसा करीत नाहीं.

मुलगी अजून लाँचनें जाते. छपराच्या खांबाची कसोटी तिला मीं शिकविली आहे, आणि जाकीट चढविल्यावर मैत्रिणी हंसतात अशी तक्रार ती करते. गेल्या महिन्यांत ती घरीं बराच उशीरानें आली. विचारतां म्हणाली, "बाबा, वाटेंत एक मोठें जहाज जाऊं देण्यासाठीं सारंगानें लाँच थांबवली होती. सगळे त्याच्यावर चिडले होते." मीं विचारलें, "आणि तूं?" ती म्हणाली, "उतरतांना मीं त्याला 'बरं केलंत काका' म्हटलं. तो नुसता बघतच राहिला."